झोंपेची गोळी

मातोश्रींस ८२ व्या वर्षीं झोंप येईना, म्हणून डायझेपामची गोळी सुरू झाली. ती आम्हीच आठवणीनें देत असूं. खरें सांगावयाचें तर त्या लवकर निजल्या म्हणजे आम्हांसच बरें वाटे! तरुणाच्या रक्तांतील हें औषध निम्में होण्यास सुमारें एक दिवस लागतो, ऐंशीच्या घरांत तीन-चार. कालची गोळी उतरण्यापूर्वींच आजची पोटांत! दिवसां त्यांचा तोल जाई, नांवें आठवत नसत. तें वार्धक्य, असें आम्ही समजलों. अखेर न्हाणीघरांत पडून खुब्याचें हाड मोडलें. वृद्धांस टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकेंत डॉ. मार्क बीअर्स यांनीं १९९१ सालींच प्रसिद्ध केली होती. गोळी एकाएकीं थांबविणेंही घातक. ती वैद्यकीय सल्ल्यानें हळूहळू कमी केली. आतां मातोश्री रात्रीं जाग्या असतात व आम्हांस हांका मारितात.