परीखान्यातील शनिवार

बदलीच्या नोकरीत नव्या गावी गेलेला मनुष्य प्रथम भाड्याची जागा शोधतो, मग वाण्याचे दुकान, आणि सर्वांत शेवटी मनाला टेकावयास एखादा कोपरा. पहिल्या दोन गोष्टी मला लखनौत महिन्याभरात लाभल्या. तिसरीला दीड वर्ष लागले. आणि ती लाभली कैसरबागेत, वाजिद अली शहाच्या परीखान्यात!

नृत्यगायन शिकणाऱ्या युवतींना हा नवाब ‘परी’ म्हणे. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले, नवाबाची रवानगी कलकत्त्यास झाली आणि पऱ्याही पांगल्या. आज त्या वास्तूत संगीताचे विद्यापीठ नांदते आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने १९२६ साली ते विद्यालयरूपाने सुरू झाले, तेव्हा त्याला प्रांताचे गव्हर्नर मॅरिस यांचे नाव होते. १९६६ साली भातखंड्यांचे नाव लागले, २०२२ साली ते राज्य विद्यापीठ झाले. वाळकेश्वरी जन्मलेल्या एका मराठी वकिलाचे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी ऐकले, की परमुलखात उगीचच छाती रुंदावते.

परंतु मी तेथे गेलो तो अभिमानापोटी नव्हे; अपराधापोटी.

माझे वडील शाळामास्तर. संध्याकाळी पेटी पुढे ओढून ते भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतील चिजा बसवीत. गळा बेताचाच, पण चिकाटी मोठी. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीबाही टिपून ठेवीत. ते गेले, माझी बदली झाली, गावची जागा सोडावी लागली. सामान आवरण्यास दोनच दिवस होते. आई तेव्हा बहिणीकडे होती. मी पेटी एका शाळेला दिली आणि पुस्तके रद्दीत घातली. तराजूच्या पारड्यात ती पडताना मी पावतीपुस्तकाच्या हिशेबात गढलो होतो, हे आजही आठवते.

पुढे आईने विचारले, “त्यांची गाण्याची पुस्तके तुझ्याकडेच आहेत ना रे?” मी “हो” म्हणालो. एकदा दिलेला शेरा फिरवणे किती अवघड, हे कचेरीत काम करणाऱ्यास सांगावयास नको.

तेव्हा एका शनिवारी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे. तो मंजूर झाला. बाहेरच्या मनुष्यास पुस्तक घरी नेता येत नव्हते, म्हणून मी वही नेऊ लागलो आणि क्रमिक पुस्तकाची मराठी प्रत समोर ठेवून पानामागून पान उतरवू लागलो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. समेला फुली, खालीला शून्य. अर्थ न कळता हुबेहूब नक्कल करणे हा तर माझा व्यवसायच! शेजारच्या वर्गांतून तबला अन् तानपुरा ऐकू येई. ग्रंथालयात मात्र कडक शांतता.

लिहिता लिहिता भातखंड्यांविषयी मिळेल ते वाचले. पत्नी व मुलगी दोघीही अकाली गेल्यानंतर हा मनुष्य गावोगाव फिरला, १९०४ साली दक्षिणेत गेला, नंतर उत्तर पालथी घातली. जुन्या पोथ्या उतरवल्या, उस्तादांच्या चिजा ऐकून टिपून घेतल्या. कंठातून कंठात जाणारे धन वाटेत हरवू नये, म्हणून हा सारा खटाटोप. ते मी किलोच्या भावाने विकले होते.

एके दिवशी समोर बसलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आप मराठी हैं?” भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे हिंदी भाषांतर तिने वाचले होते, मूळ मराठी तिला पडताळून पाहावयाचे होते. गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला तो ग्रंथ मी तिला हळू आवाजात वाचून दाखवू लागलो. एकदा तिने विचारले, “मराठीत ‘राग येतो’ म्हणजे काय?” मी म्हणालो, “तो आम्हाला न शिकता येतो.” ती हसली, आणि ग्रंथपालांनी आमच्याकडे पाहिले.

मोबदल्यात तिने माझी वही मागितली. व्हरांड्यात उभी राहून, बोटांवर मात्रा मोजत, तिने मी उतरवलेली यमनची एक चीज म्हटली. दुसऱ्याच ओळीला मी दचकलो. ही तर वडिलांची रोजची संध्याकाळ! चार शनिवार मी ती चीज अक्षरशः गिरवली होती, तरी ओळखली नव्हती. त्या रेघाटिंबांत घरचा आवाज आहे, हे मला लखनौच्या एका मुलीच्या गळ्यातून कळावे!

त्या रात्री मी आईला फोन करून सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ती समासातली टिपणे मला हवी होती रे. अक्षर त्यांचे होते.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. वहीत चीज आली, समास कोराच राहिला.

वही अद्याप पुरी झालेली नाही. दिवाळीला आई येणार आहे. त्या मुलीने एक शनिवार राखून ठेवला आहे. समासात काय लिहिले होते, हे आईला थोडेसे जरी आठवले, तरी लिहून घेण्यास पेन्सिल टोकदार करून ठेवली आहे.