अर्थाची तार

यंत्राचे काही दोष मुके असतात, काही बोलके. पंखा फिरेनासा झाला तर ती अडचण घरच्या माणसांपुरती राहते. मोटारीचा गजर बिघडला की तो साऱ्या गल्लीचा दोष होतो. ज्याने केवळ संकटात बोलावे असा संकेत आहे, तो अकारण बोलू लागतो, आणि त्याच्या बोलण्याचा अर्थ लावण्याचे श्रम ऐकणाऱ्यांना हळूहळू नकोसे होतात. लांडगा आल्याची हाकाटी करणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या गोष्टीतला पोर लबाड होता. बिघडलेला गजर लबाड नसतो. दार उघडल्याची वर्दी त्याच्यापर्यंत खरोखरच पोचलेली असते. तो ती इमानाने जगाला कळवतो, इतकेच.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत मराठी घरे आहेत, आणि महाराष्ट्र मंडळाची वास्तूही तेथेच आहे. या वस्तीमागे मोठा इतिहास उभा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता या ना त्या स्वरूपात राहिली. पुढे मध्यप्रांतात नागपूर आणि रायपूर एकाच कारभाराखाली नांदले. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्याकडे गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि २००० साली नव्या राज्याची राजधानी झाले. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे या भाषिक सरहद्दीवरचेच. आजही येथील मराठी घरात माजघरापर्यंत मराठी, फाटकाशी हिंदी आणि कामाला येणाऱ्या माणसांच्या तोंडी छत्तीसगढी असा तीन पायऱ्यांचा व्यवहार चालतो. कोणता शब्द कोणत्या पायरीवर काय सांगतो, हे तेथे राहणाऱ्याला न शिकवता कळते.

अशाच एका घरातली ही हकीकत. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तेथे एकट्या राहतात. सारी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणते. पती गेल्याला दोन वर्षे झाली, मुलगा परगावी. पतींची लहान मोटार अंगणात उभी असते आणि आठवड्यातून एकदा कुणाला तरी बोलावून ती फिरवून आणली जाते. या गाडीचा बाईंना प्रवासासाठी फारसा उपयोग नाही. पण पतींनी आजारपणात त्यांना एक गोष्ट शिकवून ठेवली होती: रात्री काही झाले, फोन हाताशी नसला, आवाज फुटेना, तर किल्लीवरचे लाल बटण दाबायचे, गाडी ओरडेल आणि शेजारी येतील. तेव्हापासून ती किल्ली बाईंच्या उशाशी असते. देवघरातल्या घंटेपेक्षा तिचा आवाज दूर जातो, एवढाच तिच्याविषयीचा त्यांचा हिशेब.

मग गाडी आपणहून ओरडू लागली. पहिल्या रात्री समोरच्या तीन घरांत दिवे लागले, दोघे जण फाटकापर्यंत आले. पुढच्या आठवड्यात एकच दिवा लागला. तिसऱ्या आठवड्यात एकही खिडकी उघडली नाही. दिवसाही ती ओरडे, पण दिवसाच्या कोलाहलात ते कुणी मोजले नाही. एका शेजाऱ्याने नियमांची आठवण करून दिली, आणि ती गैर नव्हती: ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल घातलेली आहे, आणि मोटारीचा भोंगा जवळून १०० डेसिबलांच्या पुढे जातो. मुलाने फोनवर सांगितले, “आई, भोंग्याची तार काढून टाकायला सांग. दोन मिनिटांचं काम आहे.” बाईंनी ते मानले नाही. भोंगा मुका करणे म्हणजे उशाशी ठेवलेली किल्ली नुसते लोखंड होणे, हे त्यांना दिसत होते. ते मुलाला सांगावे असे मात्र वाटले नाही.

गाडी दुरुस्त करायला आलेला मुलगा पंचविशीचा, आसपासच्याच गावचा. त्याने आधी भोंग्याला हात लावला नाही. बॅटरीवर मीटर धरला. पूर्ण भरलेली, विश्रांतीतली बॅटरी साडेबारा व्होल्टांच्या किंचित वर दाखवते. ही बारांच्याही खाली आली होती. उभ्या गाडीतही गजर, घड्याळ आणि कुलपांचा नियंत्रक थोडी थोडी वीज पीत राहतात, आणि दाब फार उतरला की काही गजर त्यालाच आगळीक समजतात. म्हणून बॅटरी भरून पाहिली. भोंगा तरीही वाजला. कुणी किल्लीची नक्कल केली असेल का, अशी शंका बाईंनी बोलून दाखवली. त्याने मान हलवली: अशा किल्लीचा संकेत दर दाबण्याला बदलतो, एकदा उच्चारलेला शब्द पुन्हा चालत नाही, त्यामुळे तो चोरून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बॉनेटखालचे कळबटण गंजलेले निघाले; ते तात्पुरते सोडवून ठेवले. भोंगा त्याही रात्री वाजला. एका वेळी एकच वाट बंद करायची आणि मग थांबायचे, ही त्याची रीत. दोन वाटा एकदम बंद केल्या तर बरे कशाने झाले हे कळत नाही, आणि जे कळले नाही ते परत येते.

दुसरी एक खूण बाईंनी सांगितली, आणि तिनेच तपासाला दिशा मिळाली. किल्ली आतून फिरवली की कधी चारही दारे लागत, कधी फक्त चालकाचे. सेंट्रल लॉकिंगच्या या जुन्या पद्धतीच्या बांधणीत प्रत्येक दारात एक छोटी मोटार असते. प्रवाहाची दिशा उलटली की ती दांडी उलट ढकलते. इतर दारांना दोन तारा पुरतात. चालकाच्या दाराला पाच लागतात, कारण ते दार नुसते आज्ञा पाळत नाही, आज्ञा देतेही. जादा तीन तारांनी ते नियंत्रकाला आपली स्थिती कळवते. या साऱ्या तारा दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जातात. चालकाचे दार सर्वांत जास्त वेळा उघडते, म्हणून तेथील तारा सर्वांत जास्त वाकतात. वरचे वेष्टन शाबूत राहते आणि आतले तांबे धाग्याधाग्याने तुटत जाते.

त्याने मीटर लावला तेव्हा काळी तार धड असल्याचे दिसले. मग त्याने मीटर बाजूला ठेवून बारा व्होल्टांचा साधा बल्ब लावला. बल्ब मिणमिणला, आणि दार अर्धे उघडताच विझला. मीटरचा प्रश्न फार हलका असतो. शेवटचा एक धागा उरला असला तरी त्याला होकार मिळतो. बल्ब भार टाकून विचारतो. नळी मागे सरकवून त्याने आत पाहिले आणि म्हणाला, “अर्थ नइ मिलत हे, दाई.”

कार्यशाळेत ‘अर्थ’ म्हणजे जमीन: ऋण टोकाशी जोडलेला गाडीचा सांगाडा. प्रत्येक प्रवाहाला परतायला तो लागतो. इंग्रजीतून आलेला हा शब्द देवनागरीत उतरताना संस्कृत ‘अर्था’च्या रूपात विरून गेला, आणि कारागिरांनी तो निःशंकपणे वापरला. भामहापासून काव्यशास्त्र शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाचा विचार करीत आले आहे; चौबे कॉलोनीच्या अंगणात तोच विचार वेगळ्या धातूत उभा राहिला. काळ्या तारेला अर्थ मिळत नव्हता, म्हणून दाराची आज्ञा पोचत नव्हती. आणि तिच्या शेजारच्या, दार उघडल्याची वर्दी देणाऱ्या तारेचे वेष्टन घासून गेले होते. रस्त्यावरून जड वाहन गेले की ती उघड्या पत्र्याला टेकत होती. म्हणजे तिला नको तेथे अर्थ मिळत होता. गजराच्या दृष्टीने त्या स्पर्शाचा एकच अन्वय शक्य होता: दार उघडले. एका तारेत अर्थाचा अभाव, दुसरीत अर्थाचा आरोप, आणि दोन्ही एका वीतभर नळीत.

त्याने तुटका भाग कापून काढला, थोडे लांब तुकडे घालून सोल्डर केले, वर नवे वेष्टन चढवले. नुसते पीळ देऊन पट्टी गुंडाळली असती तर उन्हाळ्यात चिकट सुटून तीच कथा पुन्हा सुरू झाली असती. गंजलेले कळबटणही बदलले. त्यानंतर भोंगा वाजला नाही.

येथे दुरुस्ती संपली असे यंत्रापुरते म्हणता येईल. बाईंच्या लेखी मात्र ती अर्धीच होती. तार जोडल्याने शेजाऱ्यांच्या कानांतला नकार जात नाही; तीन आठवड्यांत सवयीने बंद झालेली खिडकी सोल्डरने उघडत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आजूबाजूच्या अकरा घरी गेल्या. मराठी घरांत मराठीत, इतरत्र हिंदीत, त्यांनी एकच गोष्ट सांगितली: झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी, गाडी नीट झाली आहे, आता ती रात्री ओरडली तर ती गाडी नसेल, मी असेन. उशाशी किल्ली का असते हे त्यांनी तेव्हा प्रथम कुणाला सांगितले. नियमांची आठवण करून देणाऱ्या शेजाऱ्याने सारे ऐकून घेतले. आपली झोपण्याची खोली मागच्या बाजूला आहे आणि तेथे नीट ऐकू येत नाही, असे तो म्हणाला. आणि त्या रात्रीपासून त्याच्या मुलाची खाट पुढच्या खोलीत आली.