भरंवशाची म्हैस

भरंवशाच्या म्हशीला टोणगा, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ही म्हण ज्यानें प्रथम काढली तो कोणी निराशावादी गृहस्थ असावा असें पुष्कळांस वाटतें; मला मात्र तो चांगला तर्कशास्त्री वाटतो. म्हशीनें त्याला कांहीं वचन दिलेलें नव्हतें. भरंवसा सगळा त्याचा, आणि दोष मात्र म्हशीचा! भरंवसा म्हणून जी वस्तु आहे ती ज्याच्यावर तो ठेवावयाचा त्याच्या ठिकाणीं किती असते आणि ठेवणाराच्या ठिकाणीं किती असते, हा प्रश्न त्या म्हणीच्या पोटांत दडलेला आहे. त्याचा विचार करण्याची पाळी मजवर आली ती एका मोटारीच्या इंजिनामुळें.

आमची मोटार २०१० सालची. डिझेलवर चालणारी आणि टर्बोचार्जर असलेली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपली, कीं गाडी तपासून घेऊन नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें; नाहीं तर तिला निरोप द्यावा लागतो. आमच्या चिरंजिवांचें मत निरोपाच्या बाजूनें पडलें. "बाबा, पंधरा वर्षांच्या इंजिनाचा आतां भरंवसा काय धरायचा?" असें ते म्हणाले. यावर गृहस्वामिनीनें शांतपणें उत्तर केलें, "पंधरा वर्षांत हिनें मला एकदांहि रस्त्यांत उभें केलेलें नाहीं, एवढें मला ठाऊक आहे." एकाचा पुरावा भविष्यांतला आणि दुसरीचा भूतकाळांतला, न्यायाधीश मात्र उभा जन्म साहित्य शिकविण्यांत घालविलेला! निकाल देण्यापूर्वीं निदान आरोपीची ओळख करून घ्यावी, असें मीं ठरविलें.

ओळख पटतांच पहिल्यानें लक्षांत आलें तें हें, कीं हा आरोपी मोठ्या गोतावळ्याचा आहे. फियाट आणि जनरल मोटर्स या दोन कंपन्यांच्या सहकार्यांतून २००३ सालीं हें इंजिन युरोपांत बाजारांत आलें. पुढें तें आपल्या देशांत आलें, आणि हरियाणांतील मानेसरला व आमच्या पुण्याजवळच्या रांजणगांवला त्याचे कारखाने चालले. फियाट, टाटा आणि मारुती अशा एकमेकींशीं स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच इंजिन धडधडूं लागलें. तेव्हां लोकांनीं त्याला थट्टेनें 'राष्ट्रीय इंजिन' म्हणावयास सुरुवात केली. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे नवे नियम देशभर लागू झाले, आणि त्या सुमारास या इंजिनाचा येथील संसार आटोपला.

त्याचीं मापें म्हणाल तर तीं बेताचींच. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ८२ मिलिमीटर. चारींची मिळून जागा १,२४८ घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वा लिटर! मिनिटाला ४,००० फेऱ्या झाल्या म्हणजे हें इंजिन सुमारें ७५ अश्वशक्ती देतें. परंतु त्याचा खरा जोर असतो २,००० फेऱ्यांच्या आसपास. त्याच्या पुष्कळ खालीं तें जरा सुस्त असतें. पेट्रोलचें इंजिन ठिणगीवर पेटतें. याला ठिणगी लागत नाहीं. आंतली हवा सतरा-अठरा पटींनीं दाबली, कीं ती इतकी तापते कीं तींत उडविलेलें इंधन आपोआप पेट घेतें. ही कल्पना रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रशास्त्र्याची. तिचें पेटंट त्यानें १८९२ सालीं मागितलें; १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याच्या यंत्राची परीक्षा झाली, तेव्हां इंधनांतील उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के उष्णता कामीं लागते असें आढळलें. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हें साधलेलें नव्हतें. परंतु एवढा दाब सोसावयाचा म्हणजे यंत्राचीं हाडें बळकट हवींत. डिझेल इंजिन दणकट असतें अशी त्याची कीर्ति आहे. पण तो दणकटपणा हौसेचा नव्हे, गरजेचा आहे.

टर्बोचार्जर ही त्यानंतरची युक्ति. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस गृहस्थानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. उसाचा रस काढून उरलेल्या चिपाडांवरच गुऱ्हाळाचें चुलवण पेटवितात, तशांतलाच हा प्रकार. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु वाया न घालवितां त्याच्याकडून एक चिमुकलें चक्र फिरवून घ्यावयाचें, आणि त्या चक्राच्या जोडीदाराकडून ताजी हवा कोंबून सिलिंडरांत भरावयाची. हें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतें, आणि तें टेकलेलें असतें तें केवळ ऑइलच्या एका पातळ थरावर! शिवाय या इंजिनांत इंधन हजार वातावरणांहूनहि अधिक दाबानें उडविलें जातें. आणि तें एकदम नव्हे. कणीक भिजवितांना पाणी जसें बेताबेतानें घालावें, तसे एका आवर्तनांत इंधनाचे अनेक लहान फवारे सोडतां येतात. जुन्या डिझेल गाड्यांची ती कानठळ्या बसविणारी खडखड यांत बरीच कमी झाली ती या सोयीमुळें.

येथपर्यंत आलों, तरी माझा मूळ प्रश्न जागच्या जागींच होता. मापांवरून इंजिन किती बळ देईल हें समजतें. किती वर्षें देईल हें समजत नाहीं. मात्र एक गोष्ट अर्थपूर्ण वाटली. याच सव्वा लिटरच्या इंजिनाला निराळा टर्बोचार्जर जोडून त्याच्याकडून ९० अश्वशक्ती काढणाऱ्याहि गाड्या निघाल्या होत्या. म्हणजे आमचें इंजिन जें देतें तें त्याचें सर्वस्व नव्हे. ज्याच्याजवळ कांहीं शिल्लक राखलेलें असतें तो दीर्घकाळ टिकतो, हा प्रपंचांतला जुना नियम यंत्राच्या प्रपंचांतहि लागू पडत असावा.

भरंवशाचा दुसरा वांटा कोठें असतो, हें मला आमच्या मेकॅनिकनें शिकविलें. गेलीं बारा वर्षें तोच गाडी पाहतो. मीं त्याच्यापुढें अश्वशक्तीचे आंकडे मांडले, तेव्हां हात पुशीत तो म्हणाला, "सर, इंजिन आंकड्यांवर चालत नाहीं, ऑइलवर चालतं." हें वाक्य वाटतें त्याहून खोल आहे. या इंजिनाची टायमिंग चेन, तिला ताण देणारा भाग आणि तें लाख फेऱ्यांचें चक्र, तिघांचाहि प्राण ऑइलमध्यें. ऑइल बदलावयास उशीर झाला किंवा त्याची पातळी खालावली, तर तक्रार लगेच होत नाहीं. ती दोन-चार वर्षांनीं होते, आणि तेव्हां लोक इंजिनाला बेभरंवशाचें म्हणतात. आमच्या घरीं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जें आधीं येईल त्या वेळीं ऑइल बदलण्याचा परिपाठ आहे. सकाळीं गाडी सुरू केली कीं अर्धा मिनिट थांबावयाचें. खंबाटकीचा घाट चढून चहासाठीं थांबलों, तर इंजिन मिनिटभर तसेंच चालूं द्यावयाचें. तापलेल्या चक्राचें ऑइल एकाएकीं बंद पडलें तर तें तेथेंच जळून काजळतें. "तुम्ही पाहुण्यांपेक्षां इंजिनाचीच विचारपूस अधिक करतां," असा घरचा अहेर मला यावरून अनेकदां मिळालेला आहे. पण पावणेदोन लाख किलोमीटर झाले ते या अर्ध्या-अर्ध्या मिनिटांच्या बळावर, अशी माझी समजूत आहे.

समजूत म्हणतों, सिद्धांत म्हणत नाहीं. 'जुनें तें सोनें' म्हणणारांची एक बाब नेहमीं निसटते. रस्त्यावर जीं जुनीं इंजिनें आपणांस दिसतात तीं टिकलेलीं असतात म्हणून दिसतात. भंगारांत गेलेलीं साक्ष द्यावयास येत नाहींत. पितळेचा शंभर वर्षांचा हंडा पाहून पूर्वींचे कांसार किती कसबी होते असें आपण म्हणतों. फुटून मोडींत गेलेले हंडे कोण मोजतो?

आणि याहून मोठी एक अडचण माझ्या निकालाच्या आड आली. आमची गाडी 'भारत स्टेज ४' या नियमाखालची. त्या नियमानें डिझेल मोटारीला एका किलोमीटरमागें २५ मिलिग्रॅम कण आणि २५० मिलिग्रॅम नायट्रोजनचीं ऑक्साइडें हवेंत सोडण्याची मुभा होती. २०२० पासूनच्या नियमांत हे आंकडे ४.५ आणि ८० असे आहेत. आमचें इंजिन विश्वासू आहे खरें; पण कोणाशीं? आंत बसणाराशीं! सिग्नलपाशीं आमच्या गाडीमागें सायकल घेऊन उभ्या असलेल्या शाळकरी मुलाशीं त्याचें इमान काय? धनी सोडून गल्लींतल्या प्रत्येकावर भुंकणारा कुत्रा इमानी असतो, हें धन्याचें मत. गल्लीचें मत कोणी विचारीत नाहीं.

शेवटीं निकाल झाला तो असा. गाडी तपासणींत उतरली. नोंदणी पांच वर्षांनीं वाढली. परंतु मंडईची भाजी, पोस्टांतलें काम, कॉलेज, या दोन-तीन किलोमीटरच्या खेपांतून तिला निवृत्ति मिळाली. त्या खेपा मी पायीं किंवा बसनें करतों. यांत इंजिनाचेंहि हित आहे. कारण असल्या आंखूड फेऱ्यांत ऑइल पुरतें तापत नाहीं आणि काजळी मात्र सांचत जाते. सातारा-कोल्हापूरचा लांबचा रस्ता तेवढा तिच्याकडे राहिला. चिरंजिवांनीं यावर एक अट घातली, आणि ती मला मान्य करावीशी वाटली: प्रदूषणाच्या चाचणींत ज्या दिवशीं गाडी नापास होईल, त्या दिवशीं मुदतीचीं वर्षें किती उरलीं हें न मोजतां ती भंगारांत द्यावयाची. ही अट इंजिनाला कळविण्याची कांहीं सोय नाहीं. आमची आम्हांला ती आठवत राहिली, म्हणजे झालें.