वारा कोणीकडचा?

पोहायला शिकणारा पाणी किती खोल आहे हे विचारतो आणि शिडाची होडी शिकणारा पाणी किती शांत आहे हे विचारतो. मीही एवढेच विचारीत असे. या एका प्रश्नाच्या भरवशावर मी, केंद्र सरकारच्या एका कार्यालयातला सदतीस वर्षांचा वरिष्ठ लिपिक, आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन भोपाळच्या मोठ्या तलावात उलटलो. ही हकीकत कोणाला सांगावी असे मला पुष्कळ दिवस वाटले नाही.

माझा जन्म इंदूरचा. पाण्याशी आमच्या घराण्याचा संबंध वाड्यातल्या हौदापुरता. बदली होऊन भोपाळला आलो तेव्हा ऑफिसच्या वाटेवर हा तलाव रोज दिसू लागला. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात कोलांस नदीला मातीचा बांध घालून तो केला असे सांगतात. विस्तार सुमारे 31 चौरस किलोमीटर. इतके पाणी रोज डोळ्यांपुढे असताना माणसाने आयुष्यभर फायलींवरच शेरे मारीत बसावे हे मला अन्यायाचे वाटू लागले. एका हिवाळ्यात दोन आठवड्यांच्या प्रौढांच्या वर्गात मी नाव घातले. गाठी मारणे, शीड चढवणे, सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे वळते हे अंगवळणी पाडणे, असा तो अभ्यासक्रम होता. तलावाच्या दक्षिण काठावरून, बोट क्लबाच्या बाजूने, आम्ही होड्या सोडीत असू. पंधरा दिवसांत मी चार वेळा चुकलो आणि चारही वेळा होडी आपण होऊन काठाला येऊन टेकली. हा काठच गुणी आहे, असा मी निष्कर्ष काढला. तो किती चुकीचा होता हे कळायला आणखी दोन पावसाळे जावे लागले.

आमच्या वसाहतीत नौदलातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ राहतात. सगळे त्यांना चीफकाका म्हणतात. त्यांची एक जुनी एंटरप्राइज जातीची होडी एका परिचिताच्या शेडमध्ये पडून होती. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने 1956 साली आखलेली ही होडी सव्वातेरा फूट लांब असते. तिला दोन शिडे असतात आणि ती चालवायला माणसेही दोनच लागतात. काकांचे गुडघे गेल्यामुळे ती त्यांच्या उपयोगाची राहिली नव्हती. "ने," ते मला म्हणाले. "पण दर खेपेला निघण्यापूर्वी येऊन सांगायचं, कुठून सोडणार आणि का." परवानगीचे कागद हा तर आमच्याच खात्यातला विषय. ते काम मी बिनचूक पार पाडले. अडले ते या 'का'पाशी.

माझा पहिला प्रस्ताव छोट्या तलावाचा होता. मोठ्या तलावाच्या खाली 1794 साली बांधलेला हा जलाशय जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा आहे. चारी काठ नजरेत राहतात, तेव्हा नवशिक्याला यापरते काय हवे? एखाद्या सेक्शन ऑफिसरने टिपण परत करावे तसा काकांनी तो प्रस्ताव परत केला. चारी बाजूंना टेकड्या आणि घरे असली की वारा एकसारखा राहत नाही. तो इमारतींच्या फटींतून येतो, क्षणात पडतो आणि क्षणात भलत्याच बाजूने थप्पड मारतो. लहान पाण्यात मोठ्या लाटा नसतात हे खरे, पण शिकणाऱ्याला लाटांपेक्षा लहरी वारा अधिक छळतो. "फेरसादर करा," असे काही ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होते.

दुसरा प्रस्ताव मोठ्या तलावाच्या पश्चिमेकडच्या उथळ भागाचा होता. कंबरेएवढ्या पाण्यात उलटले तरी उभे राहता येईल, हा माझा हिशेब. काकांनी विचारले, "तिथे शिंगाडे लावतात, ठाऊक आहे?" शिंगाड्याच्या आणि पाणवनस्पतींच्या वेली सुकाणूला आणि होडीखालच्या उभ्या फळीला गुंडाळतात. ती फळी वर घेतली तर होडी आडवी घसरत जाते, खाली ठेवली तर चिखलात रुतते. शिवाय तिकडे हाकेच्या अंतरावर कोणी नसते, हे मीच कबूल केले.

त्या वर्षी मे महिन्यात मुलाला घेऊन आजोळी, मालवणकडे गेलो होतो. देवबागेजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीचे पाणी सकाळी आरशासारखे दिसले आणि माझे हात शिवशिवू लागले. मामांजवळ लहान होडी होती. मी मागितली. त्यांनी सुपारी कातरता कातरता एवढेच विचारले, "सुकती कदी लागता, ता आदी सांग." सुकती म्हणजे ओहोटी. मला सांगता येईना. साधारण सहा तास पाणी चढते, सहा तास उतरते, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी लागली की तीच शांत खाडी सगळे पाणी घेऊन मुखाकडे धावते, आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. दुपारी समुद्रावरून वारा आत येऊ लागला म्हणजे पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे अशी झटापट होऊन लाटा अधिकच उभ्या होतात. "होडी तू व्हरतलंस की सुकती तुका व्हरतली?" मामा म्हणाले आणि विषय संपला. मला त्यांचा थोडा रागच आला. हा प्रश्न खाडीपुरता आहे, तलावाला कुठे भरती-ओहोटी असते, असे मनाशी म्हणत मी भोपाळला परतलो.

सप्टेंबरात, गणपती गेल्यानंतरच्या रविवारी, चीफकाका मुलीकडे पुण्याला गेले होते. मुलगा आठवडाभर मागे लागला होता. जागा तीच, हिवाळ्यात मला चार वेळा सांभाळून घेणारी. श्यामला टेकड्यांच्या पायथ्याशी त्या दुपारी पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. "बघ, किती शांत आहे," मी मुलाला म्हणालो. होडी ढकलताच आपण होऊन काठापासून दूर सरकू लागली, तेही मला शुभचिन्ह वाटले.

पावसाळ्यात भोपाळला वारा बहुधा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. आमच्या पाठीशी असलेली टेकडी तो अडवून धरीत होती. काठाजवळची शांतता ही टेकडीची सावली होती. सावली संपली तिथे पाण्यावर काळसर रेघ दिसत होती. ती ओलांडताच दोन्ही शिडे भरली आणि होडी धावू लागली. मुलगा हसत होता. पाठीमागून वारा असला की त्याचा खरा जोर अंगाला कळत नाही, कारण आपणही त्याच्याच बरोबर पळत असतो. तो कळला परत फिरताना. काठ आता वाऱ्याच्या तोंडावर होता. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. नागमोडी, तिरपे तिरपे चढत जावे लागते, आणि प्रत्येक वळणावर मी जितके मिळवी त्याहून अधिक गमावी. तिसऱ्या वळणाला झोत आला, शिडाखालचे आडवे लाकूड डोक्यावरून सपकन गेले, आणि आम्ही पाण्यात होतो.

मुलगा शिडाखाली गेला होता. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. चार सेकंद असतील. लाइफ जॅकेटने त्याला वर आणले तेव्हा त्याचे डोळे माझ्याकडे होते. होडी सोडायची नाही, काठाकडे पोहत निघायचे नाही, एवढे मात्र वर्गात शिकलेले आठवले. फळीवर उभा राहून मी होडी सरळ केली आणि ती दुसऱ्या अंगावर पडली, कारण तिचे तोंड मी वाऱ्याकडे फिरवलेच नव्हते. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा ती पाण्याने अर्धी भरून कशीबशी उभी राहिली. तोवर आम्ही पलीकडच्या व्हीआयपी रोडकडे वाहत चाललो होतो. तिथे काठ नाही, दगडी भिंत आहे, आणि तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटा ऐकू येऊ लागल्या होत्या. एका मासेमाराने आपली डोंगी आणली. आधी मुलाला उचलून घेतले, मग आमची होडी दोराने बांधली. बराच वेळ वल्ही मारल्यावर तो म्हणाला, "हवा नहीं देखी थी क्या, बाबूजी?"

घरी पत्नी काही बोलली नाही. ओले कपडे पिळून वाळत घातले. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरे झाले असते. रात्री मुलाने दिवा मालवू दिला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात पाणी शांत आहे." त्यात तक्रार नव्हती. तो खरोखरच विचारीत होता, आणि माझा घास हातातच राहिला.

काका पुण्याहून आल्यावर मी सगळे सांगितले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "समज, तू काहीच केलं नसतंस. शीड फाटलं, सुकाणू तुटलं, तू नुसता बसून राहिलास. तासाभराने कुठे असतास?" मी म्हटले, भिंतीशी. "मग निघण्यापूर्वी ती भिंत बघून यायची होतीस." हिवाळ्यात भोपाळला वारा पुष्कळदा उत्तरेकडचा असतो. त्यावेळी बोट क्लबाच्या काठावरून निघणे कठीण, कारण वारा होडीला मागे लोटतो, पण परतणे मात्र आपोआप होते. ज्या गुणाबद्दल मी काठाचे आभार मानीत आलो तो वाऱ्याचा होता. सप्टेंबरात काठ तोच राहिला आणि वारा उलटला. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे मी पाठ केले होते, त्यावर गुणही मिळवले होते. कोकणातला कोळी पहाटे मतलई वाऱ्याबरोबर किनारा सोडून जात असे, कारण दुपारी खारे वारे त्याला परत आणणार हे त्याला ठाऊक असे. माझ्या परतीच्या वाऱ्याची मी चौकशीच केली नव्हती.

पुढले चार महिने होडी शेडमध्ये होती. मुलाला मी एकदाही विचारले नाही. तो मात्र संध्याकाळी काकांच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागला. गाठी शिकतो म्हणे. शेजारच्या इमारतीवरचा झेंडा कुठल्या बाजूला फडकतो हे तो शाळेत जाताना बघतो, हे मला त्याच्या आईकडून कळले.

जानेवारीतल्या एका रविवारी तो सकाळी माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाबा, आज वारा व्हीआयपी रोडकडून आहे. हलका आहे. बोट क्लबाच्या बाजूने सोडू या?"

मी विचारले, "का?"

"काही झालं तरी इकडेच येऊ."

आम्ही जाऊन काकांना सांगितले. ते मुलाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी पाणी शांत नव्हते. काठावर बारीक लाटा एकसारख्या येऊन आपटत होत्या आणि होडी पाण्यात लोटायलाच दहा मिनिटे लागली. दोनदा ती मागे आली, आमचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. पत्नी या वेळी बरोबर आली होती. ती थर्मास घेऊन पायरीवर बसली. तिसऱ्यांदा मुलाने नाक वाऱ्याकडे धरून ठेवले, मी शीड ओढले, आणि होडी निघाली.