बेजुबान आणि मुकं

उर्दूत जनावराला ‘बेजुबान’ म्हणतात, मराठीत ‘मुकं’. दोन्ही भाषा शिकवताना हे शब्द मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. अर्थ एकच, पण अर्धाच खरा. जनावर सांगतं, ते कळायला रोज त्याला पाणी पाजणारं माणूस लागतं.

परभणीत आमच्या मोहल्ल्यांत पाळीव प्राणी म्हणजे दारातली एखादी उस्मानाबादी शेळी, ईदसाठी चार-सहा महिने आधी आणलेला बोकड, दहा-बारा कोंबड्या आणि पायात घुटमळणारं मांजर. शेळी तर कित्येक घरांत बाईची बँक असते. मुलांची फी, दवाखाना, लग्नातला आहेर तिच्यावर निघतो. ती गेली तर घराचं वर्ष कोलमडतं.

अडचण अशी की जनावर आजार लपवतं. कळपात जे अशक्त दिसतं त्यालाच शिकारी आधी गाठतो, म्हणून ही सवय त्याच्या रक्तातच आहे. आपल्याला आजार ढळढळीत दिसतो तोवर तो बराच पुढे गेलेला असतो. म्हणून पहिली खूण शोधायची ती मोडलेल्या सवयीत.

धडधाकट शेळी पाला पाहताच ओढ घेते, पोट भरलं की बसून रवंथ करते, तिच्या लेंड्या कोरड्या आणि गोल असतात. आजारी शेळी बाजूला उभी राहते, कान पाडते, पाला हुंगून सोडते. डावी कूस ढोलासारखी फुगली तर ती पोटफुगी. त्यात काही तासांतही जीव जाऊ शकतो. ईदच्या बोकडाला मुलं लाडानं भात, पोळ्या, धान्य चारतात. एकदम जास्त खाल्लं तर पोटात आम्ल वाढून तेच लाड जिवावर बेततात. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड आणि हगवण एकत्र दिसली तर पीपीआरची शंका घ्यावी. जनावर लगेच वेगळं बांधावं. या रोगाची लस आहे, ती आधीच टोचून घ्यावी.

मांजर आजारी पडलं की पलंगाखाली लपतं, अंग चाटणं सोडतं, केस राठ दिसतात. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आणि थेंबही पडत नाही, तर उद्यावर ढकलू नये. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर आधी सावलीत न्यावं, अंग ओलं करावं आणि दवाखाना गाठावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र मांजराला कधीच देऊ नये. आपल्या तापाचं ते औषध, मांजराला विष आहे.

कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली, हिरवट विष्ठा टाकू लागली, मान वाकडी झाली, की राणीखेत असू शकतो. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. एका कोंबडीवरून तो साऱ्या खुराड्यात पसरतो.

गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी वर्गात म्हणाली, “सर, बकरी कल से जुगाली नै कर री.” घरी दादींचं मत होतं की नजर लागली. वडील कामासाठी बाहेरगावी. आईनं शेळी दवाखान्यात नेली, मुलगी सोबत गेली. डॉक्टरांनी विचारलं, “रवंथ करते का?” आई गप्प, कारण हा शब्दच तिनं ऐकलेला नव्हता. उत्तर मुलीनं दिलं. शेळी वाचली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर यादीच लिहिली. जुगाली म्हणजे रवंथ, मेंगनी म्हणजे लेंडी, दस्त म्हणजे हगवण, अफारा म्हणजे पोटफुगी, सुस्त म्हणजे मलूल. मुलांनी आवडीनं उतरवून घेतली. परीक्षेत यातलं काही येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. जनावर मुकं असतंच; दवाखान्यात त्याचा धनीही मुका झाला तर त्याच्या वतीनं बोलणार कोण?

कुर्बानीसाठी उघड आजारी, लंगडं, एका डोळ्यानं आंधळं किंवा अगदी हडकुळं जनावर चालत नाही. म्हणून बाजारात आपले बुजुर्ग डोळे, दात, चाल, सगळं निरखून पाहतात. ती नजर आपल्याकडे आहेच. ती फक्त खरेदीच्या दिवशी वापरायची आणि दारातल्या शेळीसाठी नाही, हे मला पटत नाही. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दुआ करावीच, नजरही उतरवावी वाटलं तर उतरवावी, पण दवाखान्याची वाट तेवढ्यात चुकू नये.

त्यात आपण परभणीकर नशीबवान. पशुवैद्यक महाविद्यालय 1972 पासून आपल्याच गावात आहे. शासनाचा 1962 हा टोल-फ्री क्रमांकही आहे. फोन करताना चार गोष्टी तयार ठेवा: कधीपासून बिघडलं, काय खाल्लं, लघवी आणि शेण कसं आहे, लस आणि जंताचं औषध कधी दिलं. याची उत्तरं बहुधा घरातल्या बाईला आणि मुलांना माहीत असतात. फोन त्यांच्याच हातात द्या.