बिऱ्हाड पाठीवर, मोती पुढे

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. पण स्वतः विंचू होण्याचा योग गेल्या उन्हाळ्यात आला, आणि तोही कोठे, तर थेट इटलीत. बिऱ्हाडात माणसे पाच : म्युनिकला स्थायिक झालेला माझा धाकटा भाऊ बाळू, त्याची जर्मन बायको आना, त्यांची बारा वर्षांची मीरा आणि आम्ही दोघे. सहावा मोती.

मोती हा कुत्रा. अनाथ प्राण्यांच्या आश्रमातून आणलेला. वजन बावीस किलो, रंग आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखा तांबूस, कूळ अज्ञात. आना त्याला 'मोटी' म्हणते. जर्मन जिभेला त आणि ट यांतला फरक मानवत नाही. मोतीची मात्र त्याबद्दल तक्रार नसते. त्याचे वैशिष्ट्य निराळेच आहे. त्याला फक्त मराठी कळते.

याची हकीकत अशी. मीरा तीन वर्षांची होईपर्यंत बाळू तिच्याशी मराठीच बोले. मग ती बालवाडीत जाऊ लागली आणि उत्तरे जर्मनमध्ये येऊ लागली. वर्षभर प्रश्न मराठीत आणि उत्तर जर्मनमध्ये असे चालले. पुढे प्रश्नही जर्मन झाले. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या माणसाने घरी येऊन भाषेसाठी किती भांडावे? त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मोती आला. मोती उलट उत्तर देत नसे. बाळूला घरात पुन्हा मराठी बोलायला कोणी तरी मिळाले, आणि मोतीशी बोलायचे म्हणून मीराही पुन्हा मराठी शिकली. पण किती? ये, जा, बस, चल, थांब, सोड, खा, झोप, गप्प, नको. सारी मराठी आज्ञार्थी, आणि तीही एकवचनी. विमानतळावर आम्हांला पाहताच ती धावत आली आणि माझ्या पत्नीला गाडीची जागा दाखवून म्हणाली, "काकू, बस!"

"बसते गं बाई," म्हणून ही मुकाट्याने बसली. लग्नाला अठरा वर्षे झाली. माझ्या सांगण्यावरून ती इतक्या लवकर कधी बसल्याचे मला आठवत नाही.

सांगलीला आमची आई आहे. वय एकोणऐंशी. दर रविवारी फोनच्या पडद्यावर आजी-नात एकमेकींकडे बघून हसतात. आजी विचारते, "जेवलीस का?" मीरा मान हलवते. मग बाळू फोन घेतो. निघताना आई मला म्हणाली होती, "इटलीचं काही आणू नकोस. पोरीच्या तोंडात चार शब्द घालून ये. माझे रविवार आता किती उरलेत?" तेव्हा मंडळी हवा खायला निघाली होती, मी मात्र कामगिरीवर होतो.

बव्हेरियातल्या शाळांना मे-जूनच्या सुमारास पंधरा दिवसांची सुटी असते आणि आमच्या कॉलेजलाही तेव्हा सुटीच. मला शेंगेन व्हिसासाठी बँकेचे उतारे, पगाराचा दाखला, विम्याची कागदपत्रे आणि बोटांचे ठसे द्यावे लागले. मोतीजवळ निळ्या रंगाचा युरोपीय पासपोर्ट होता. त्यात त्याच्या कातडीखाली बसवलेल्या चकतीचा पंधरा आकडी क्रमांक आणि रेबीजच्या लसीची नोंद, एवढे पुरते. त्याच्या उत्पन्नाची चौकशी कोणी केली नाही.

भाड्याने घेतलेली ती गाडी म्हणजे चाळीतली दीड खोलीच. चालकाच्या डोक्यावर माळा आणि माळ्यावर दोघांचा बिछाना; जेवणाचे टेबल खाली दाबले की तिसऱ्याची पथारी; मागे आडवा पलंग; वाटेत दोन शेगड्या, हातभर फडताळ आणि न्हाणीघर, त्यात आंघोळ करताना कोपर भिंतीला लागल्याशिवाय राहत नाही. पिण्याचे पाणी वेगळ्या टाकीत, सांडपाणी वेगळ्या, आणि तिसरी एक पेटी असते तिच्याविषयी दिवाळी अंकात लिहू नये. ती रोज सकाळी रिकामी करण्याचे काम बाळूने स्वतःकडे घेतले, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. साडेतीन टनांच्या आत असली तर ही गाडी चालवायला साधा परवाना चालतो. काचेपाशी मात्र गाडीची उंची लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवायची. कमानी आणि बोगदे जवळ आले की सगळ्यांचे डोळे त्या चिठ्ठीकडे.

जर्मनीच्या वाहतूक नियमांत कुत्रा 'माल' या सदरात मोडतो, आणि माल हलता कामा नये. म्हणून मोतीच्या छातीला पट्टा बांधून त्याला हिच्या शेजारी जखडले होते. इन्सब्रुक मागे पडले, दरीपासून सुमारे 190 मीटर उंचीवरच्या युरोपा पुलावरून आम्ही गेलो (हा पूल 1963 मध्ये पुरा झाला) आणि 1370 मीटर उंचीची ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत उतरलो. सीमा कधी आली ते आना सांगेपर्यंत कळलेही नाही. मोती झोपला होता. हिने डोळे मिटून रामरक्षा म्हणायला घेतली होती, ती पुलावर सुरू झालेली खिंडीत संपली.

इटलीत या गाडीसंबंधी एक मजेदार कायदा आहे. गाडी नुसती चाकांवर उभी असेल, तिच्यातून पाणी सांडत नसेल आणि आपल्या आकाराबाहेर तिने जागा अडवली नसेल, तर ती 'उभी केलेली गाडी'. पण दाराबाहेर एक खुर्ची मांडली की तो 'मुक्काम', आणि मुक्कामाला वेगळी जागा हवी. बाहेर संध्याकाळचा वारा, समोर गार्डा सरोवर, आणि आम्ही पाच माणसे आत गुडघ्याला गुडघे लावून चहा घेत बसलो आहोत, असा प्रसंग पहिल्याच दिवशी आला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही रीतसर मुक्कामाच्या जागा शोधू लागलो.

कुत्रा बरोबर असला की प्रवासाचा नकाशा तो आखतो. संग्रहालये गेली, राजवाडे गेले, बहुतेक चर्चे गेली. दुपारी उन्हात त्याला गाडीत ठेवता येत नाही, कारण बंद गाडी बघता बघता भट्टी होते. आणि फरशी तापली की त्याचे पाय भाजतात. गळ्यात वाळूमाशीसाठी औषधी पट्टा, कारण दक्षिण युरोपातली ही माशी आपल्या काळ्या आजाराच्या कुळातला रोग कुत्र्यांना देते. सार्वजनिक जागी दोरी दीड मीटरहून लांब नको, आणि मुसके जवळ पाहिजेच. एवढे सारे सांभाळून आपण निघावे तो गल्लीगल्लीत म्हाताऱ्या बायका थांबवतात. आमच्या साडीकडे, सावळ्या रंगाकडे त्यांचे लक्ष नसे. पहिला प्रश्न, "कोमे सी कियामा?", म्हणजे नाव काय. माझे नव्हे, मोतीचे. दुसरा प्रश्न वय, तिसरा कूळ. मग खुर्च्या येत, मोतीसाठी पाण्याची वाटी येई, आणि तिच्यामागून कधी कधी आमच्यासाठी कॉफी. व्हेरोनात रोमन रंगमंडळापेक्षा त्याच्या मागच्या गल्लीतल्या एका शिंप्याच्या दुकानात आम्ही अधिक वेळ घालवला. ज्युलिएटचा सज्जा पाहिला नाही. तो विसाव्या शतकात बसवलेला आहे हे ठाऊक असल्यामुळे मला हळहळ वाटली नाही, हिला वाटली.

प्रवासात माझी शिकवणी सुरू होतीच. प्रथम आदरार्थी बहुवचन घेतले. "काका, बस नाही, काका, बसा." मीराने ते लगेच उचलले आणि सरावासाठी मोतीकडे वळून म्हणाली, "मोती, बसा!" मोती तिच्याकडे नुसता बघत राहिला. आदरार्थी रूप त्याच्या कानावर कधी पडलेच नव्हते. मीराला वाटले, काकांची मराठी चुकीची आहे. पुढचे दोन दिवस माझा वर्ग बंद.

बोलोन्याहून फ्लॉरेन्सकडे जाताना आपेनिन डोंगर उतरला की मुजेल्लो नावाचे हिरवे खोरे लागते. फ्लॉरेन्सला जाणारा प्रवासी तिकडे सहसा वळत नाही. बोर्गो सान लोरेंझो या गावात एका कुत्र्याचा पुतळा आहे असे आनाने वाचले होते, म्हणून आम्ही वळलो. 1941 च्या सुमारास कार्लो सोरियानी नावाच्या कामगाराला एक जखमी पिल्लू सापडले. त्याने त्याला बरे केले, नाव ठेवले फिदो. कार्लो जवळच्या लुको गावी राही आणि रोज सकाळी कामाला बसने जाई. फिदो थांब्यापर्यंत पोहोचवायला यायचा आणि संध्याकाळी त्याच थांब्यावर घ्यायला. 30 डिसेंबर 1943 रोजी बोर्गोवर दोस्तांच्या विमानांनी बाँब टाकले. त्यात कार्लो मेला. संध्याकाळी बस आली. कार्लो उतरला नाही. फिदो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. 1958 मध्ये मरेपर्यंत, चौदा वर्षे, तो त्या थांब्यावर येत राहिला. गावाने 1957 मध्येच त्याचा पुतळा उभारला, म्हणजे त्याच्या हयातीत. आपल्याकडे हे भाग्य थोर माणसांनाही सहसा लाभत नाही.

पुतळ्यापाशी आनाने ही हकीकत मीराला जर्मनमध्ये वाचून दाखवली. मीरा बराच वेळ गप्प होती. मग मोतीला पुतळ्यासमोर आणून ती खाली बसली आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हे मोतीला कळायला पाहिजे. पण त्याला जर्मन येत नाही."

मी वीस वर्षे भूतकाळाची रूपे शिकवत आहे. ती इतक्या गरजेने मला कोणी विचारली नव्हती. 'गेला' कसे म्हणायचे? 'आला नाही' कसे? 'रोज'ला काय म्हणतात? मी एक एक शब्द देत होतो आणि ती तो मोतीला देत होती. "मोती. एक कुत्रा. नाव फिदो. मालक होता. मालक गेला. बस..." पुढचा प्रत्यय शोधायला ती थांबली, तेवढ्यात मोती आज्ञाधारकपणे खाली बसला. आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. "बसने गेला," मी म्हणालो. "बसने गेला. आला नाही. फिदो..." आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "वाट पाहिली." तिने दोन्ही शब्दांचे अर्थ निरनिराळे विचारले. वाट म्हणजे रस्ता, पाहिली म्हणजे पाहिली. तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे रस्त्याकडे बघत बसला?" म्हटले, होय, तेच. "फिदोने वाट पाहिली," ती मोतीला म्हणाली, आणि मग आपणच, न विचारता, "रोज. रोज. रोज."

बाळू पुतळ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. त्याला तेथला फलक वाचायचा होता, असे तो म्हणाला. फलक इटालियनमध्ये आहे आणि बाळूला इटालियन येत नाही.

त्यापुढे ओर्व्हिएतोला डोंगरमाथ्यावरची विहीर पाहिली. 1527 मध्ये रोम लुटले गेले तेव्हा पोप सातवा क्लेमेंट या गावी आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी असावे म्हणून त्याने ती खोदवली. पन्नास मीटरांहून खोल विहिरीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले आहेत, प्रत्येकी 248 पायऱ्यांचे. खेचरे एकाने पाण्यासाठी उतरत आणि दुसऱ्याने चढत, कधी समोरासमोर येत नसत. "आमची लिंबची बारामोटेची विहीर काय वाईट आहे?" असे साताऱ्याचे माहेर असलेल्या आमच्या कुटुंबाचे मत पडले. रोमला बाहेरूनच वळसा घातला, कारण शहराच्या जुन्या भागात परक्या गाड्यांना मज्जाव आणि व्हॅटिकनमध्ये मोतीला. रोमवरून जाऊन रोम न पाहिल्याबद्दल मला घरात काय ऐकावे लागले हे सांगण्याची गरज नाही. मी धर्मराजाचा दाखला दिला, कुत्र्याला सोडून तो स्वर्गातही जायला तयार नव्हता. "त्याच्याबरोबर तेव्हा द्रौपदी नव्हती," ही म्हणाली.

पाँपेईत लहान कुत्र्यांना आत नेऊ देतात, मोतीएवढ्यांना नाही. आम्ही पाळ्या लावल्या. माझ्या पाळीत मी आत गेलो तो 'कावे कानेम' पाहायलाच. एका घराच्या उंबरठ्यावर काळ्या-पांढऱ्या खड्यांत साखळीचा कुत्रा चितारला आहे आणि खाली ही दोन अक्षरे : कुत्र्यापासून सावध. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेत गडप झालेल्या गावाच्या दारावर पुण्यातली पाटी पाहून मला गहिवरून आले. कानिस, जर्मन 'हुंड' आणि आपला श्वान, तिन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून निघालेले. आणि 'कावे' हे शुद्ध आज्ञार्थी रूप, एकवचनी. मीराच्या मराठीला मोठीच परंपरा आहे म्हणायची!

मीरा आपल्या पाळीनंतर बाहेर आली ती एक चित्रांचे पुस्तक घेऊन. त्यात 1874 मध्ये घेतलेल्या प्लास्टरच्या साच्याचे चित्र होते : साखळीने बांधलेला, पाठीवर पडून पिळवटलेला कुत्रा. राख वर चढत गेली आणि साखळी पुरली नाही. ते चित्र तिने मोतीला दाखवले नाही. सावलीत त्याच्या गळ्यातली दोरी सोडून हातात धरून बसली आणि मला विचारले, "'सोडला नाही', बरोबर?" मी म्हटले, बरोबर.

तो रविवार होता. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी लिंबाच्या झाडाखाली, आता कायदेशीरपणे, खुर्च्या मांडून बसलो असता सांगलीचा फोन आला. आईने नेहमीप्रमाणे विचारले, "जेवलीस का?" मीराने मान हलवली नाही. तिने मोतीला पडद्यासमोर ओढले आणि म्हणाली, "आजी, बसा. एक कुत्रा होता. नाव फिदो. मालक बसने गेला. आला नाही." आई पुढे सरकली. तिचा चष्मा आणि अर्धे कपाळ तेवढे दिसू लागले.

"अगं बाई! मग?"

मीराने फोनवर हात ठेवला. "काका, 'मग' म्हणजे काय?"

मी सांगितले. त्या दिवशी आमची शेवयांची इटालियन खिचडी पार निवून गेली, आणि मोतीला फिरवून आणण्याची पाळी मीराची असूनही बाळूच गेला.