पाण्याची वाट

नकाशा म्हटला की मला शाळेच्या भिंतीवरचा, कडा फाटलेला हिंदुस्थान आठवतो. त्यात आमचे वऱ्हाड दोन बोटांखाली झाकून जायचे. त्यामुळे अमरावतीचा पुतण्या मागच्या दिवाळीत म्हणाला, "काका, तुमचं घर नकाशावर दाखवतो," तेव्हा मी नुसताच हसलो.

आमचे घर अकोल्याचे. तिथे पूर्वी आमचेच शेत होते. शहर धुऱ्यापर्यंत आले तसा मी ले-आउट पाडला, प्लॉट विकले, एक स्वतःला ठेवला. वडील एवढेच म्हणाले होते, "लवनात घर नोको बांधू, बाबू. पानी आपली वाट इसरत नाई." मी मुरूम टाकून लवण भरून घेतले. 2021 च्या जुलैत एका रात्रीच्या पावसाने मोर्णा फुगली, अकोल्यातल्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरले. आमच्याकडे ते देवघरापर्यंत आले. सगळ्यांबरोबर मीही पावसालाच बोल लावला.

पुतण्याचे काम नकाशांचेच. या विद्येला जीआयएस म्हणतात. 1960 नंतर कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीच्या मोजदादीसाठी ती उभी केली. 2015 च्या 'अमृत' योजनेत अमरावती-अकोल्यासारख्या शहरांचे आराखडे याच पद्धतीने करायचे ठरले. युक्ती साधी आहे. उपग्रहाचे छायाचित्र, जमिनीचा उतार, सर्व्हे नंबर, रस्ते, नळ, नाल्या, असे तलम कागद एकावर एक ठेवावेत आणि प्रत्येक ठिकाण नेमके आपल्या जागी बसावे, तसे.

त्याने सगळ्यांत खाली पटवाऱ्याकडचा जुना नकाशा ठेवला. त्यात एक नाला होता. त्यावर आजची घरे ठेवली. निळी रेघ माझ्या बंगईखालून निघाली आणि मी विकलेल्या चार प्लॉटांतून पुढे गेली.

"याचं नाव काय, काका? इथे रकाना रिकामा आहे."

"बाभूळनाला," मी म्हटले. लहानपणी त्यात मी कागदाच्या होड्या सोडल्या होत्या.

आता माझ्या कंपाउंडची मागची भिंत पाडली, तर पाण्याला वाट देता येते. तो उतारही त्याने मोजून दाखवला. पलीकडच्या मोकळ्या शेताचा ले-आउट अजून पडायचा आहे. तिथे तर नाल्याची जागा आधीच सोडता येईल.

यंदा पाडव्याला ती चारही बिऱ्हाडे फराळाला येतील. त्यांना ती निळी रेघ दाखवायची आहे. चिवड्याची बशी पुढे करताना असले बोलणे अवघडच. पण गवंड्याला तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस देऊन ठेवला आहे.